घरबसल्या चित्रं दाखवायचीयत? आधी एक फोन लावा

प्रश्न: नमस्कार, आम्ही पाच-सहा जण वेगवेगळ्या ठिकाणी राहतो, दोघं चित्रकार, एक कोडिंग करणारी, एक शिक्षक वगैरे. ज्यांना गॅलरीत जाता येत नाही, म्हणजे अंथरुणाला खिळलेले, दृष्टिहीन, किंवा नुसतेच लांब राहणारे, त्यांच्यापर्यंत चित्रं पोचवायचं काहीतरी बनवायचंय. मीटिंग दर आठवड्याला होते आणि दर वेळी नवीन आयडिया निघते, व्हीआर (डोळ्यांवर हेडसेट लावून आभासी गॅलरीत फिरणं), ॲप, ऑडिओ गाइड, थ्रीडी प्रिंट. बनत मात्र काहीच नाही. सुरुवात कुठून करायची?

उत्तर: यादी झकास आहे पण त्यात सगळी यंत्रंच आहेत, माणूस एकही नाही. अंथरुणावरच्या माणसाला चित्र दिसतं पण कदाचित फोन फार वेळ हातात धरवत नाही, आणि दृष्टिहीन माणूस टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारे फोनमधले स्क्रीन रीडर) लावून फोन सराईतपणे वापरतो पण चित्रापाशी आला की त्याला फक्त 'इमेज' एवढंच ऐकू येतं. या दोघांना एकाच ॲपमध्ये कोंबायला गेलात तर धड एकाचंही होणार नाही. आधी एक निवडा. आणि ज्यांच्यासाठी करताय त्यातलं कुणीतरी पहिल्या मीटिंगपासून टीममध्ये पाहिजे, सगळं बनवून झाल्यावर 'जरा बघून सांगा ना' म्हणायला नाही.

समजा दृष्टिहीन लोकांसाठी करायचं ठरलं. मग कोड एक ओळही लिहू नका. एकाने चित्र समोर घ्यायचं, दुसऱ्याला साधा ऑडिओ कॉल लावायचा आणि वर्णन करायचं, बस, हाच तुमचा पहिला प्रोटोटाइप, म्हणजे कच्चा नमुना. डच चित्रकार रेम्ब्रांटचं १६४२ चं 'नाइट वॉच' घ्या. आपल्यापैकी बहुतेक जण सुरू करणार, "खूप सुंदर चित्र आहे, वातावरण एकदम गूढ आहे..." यातून ऐकणाऱ्याच्या हाती काय लागलं? काही नाही!

त्यापेक्षा असं सांगून बघा. चित्र जवळपास पावणेचार मीटर उंच आणि साडेचार मीटर रुंद, म्हणजे अख्खी भिंतच. मागे अंधार, तिथून हत्यारबंद माणसांचा घोळका पुढे येतोय. मध्यभागी काळ्या कपड्यातला कप्तान, छातीवरून तिरपा लाल पट्टा, एक हात पुढे केलेला. त्याच्या शेजारी फिक्या पिवळ्या पोशाखातला लेफ्टनंट, आणि कप्तानाच्या हाताची सावली बरोबर त्याच्या अंगरख्यावर पडलीय. डावीकडे गर्दीत एका मुलीवर एकदम लख्ख उजेड आहे आणि तिच्या कमरेला मेलेली कोंबडी लटकतेय.

इथे ऐकणारा तुम्हाला थांबवणार, कोंबडी कशाला? (कोंबडीची नखं ही त्या बंदूकधारी पथकाची खूण मानतात.) आता बघा, रेकॉर्ड केलेल्या ऑडिओ गाइडला हा प्रश्न विचारताच आला नसता. म्हणजे तुम्हाला जे बनवायचंय त्यात मधेच थांबवून विचारायची सोय लागणार, हे एका फोनमध्ये कळलं, तेही फुकटात. ऐकून झालं की उलटं करा, त्यांनाच म्हणा आता तुम्ही मला चित्र सांगा. जिथे ते अडखळतील किंवा डावं-उजवं गडबडेल तिथे तुमचं वर्णन कच्चं आहे. ती जागा लिहून ठेवा, दुरुस्त करा, आणि नव्या माणसाला फोन लावा, त्याच माणसाला नको, कारण त्याला चित्र आता पाठ झालंय.

लांबून गॅलरीत 'फिरण्याची' आयडिया असेल तर तीही अशीच तपासता येते. २०१४ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या टेट ब्रिटनमध्ये 'आफ्टर डार्क' नावाचा प्रयोग झाला होता, रात्री बंद गॅलरीत दिवे लावलेले चार रोबो फिरत होते आणि लोक घरी बसून ब्राउझरमधून ते चालवत होते. तुम्हाला रोबो परवडणार नाही आणि आत्ता गरजही नाही. गॅलरीची परवानगी काढून टीममधल्या एकानेच रोबो व्हायचं, व्हिडिओ कॉल चालू ठेवून फोन छातीशी धरायचा आणि समोरचा सांगेल तेवढंच करायचं, पुढे, डावीकडे, थांब, जवळ. तोंडातून अक्षर काढायचं नाही (चित्रकाराला हे जमत नाही, तो लगेच समजावून सांगायला लागतो, त्याला रोबो करू नका). मग कळेल की घरच्या माणसाला खोलीत अजून काय काय आहे हेच माहीत नाही, कॅमेरा झटकन वळला की गरगरतंय, आणि 'थांब' म्हटलेलं पोचेपर्यंत चित्र मागे गेलंय. व्हीआरचं काय ते यानंतर बोला.

प्रश्न: आमच्या टीममध्ये जो जास्त बोलतो त्याचीच आयडिया फायनल होते. ऑनलाइन तर आणखीनच, शांत लोक म्यूट करून बसतात. काय करावं? आणि बनवलेलं किती जणांवर टेस्ट करायचं?

उत्तर: बोलायचंच नाही आधी. प्रत्येकाने कागदाला घड्या घालून आठ चौकोन करायचे, आठ मिनिटांचा टायमर, दर चौकोनात एक आयडिया, वाईट चित्र चालेल. मग फोटो काढून एकाकडे पाठवायचे, त्याने नावं न लावता ग्रुपवर टाकायचे आणि सगळ्यांनी मत द्यायचं, चर्चा त्यानंतर.

पण थांबा, टीममध्ये दृष्टिहीन सदस्य असेल तर हे फोटो म्हणजे त्याच्यासाठी पुन्हा नुसतं 'इमेज इमेज इमेज'. ऑनलाइन व्हाइटबोर्डवरही स्क्रीन रीडर लावून काम करणं बऱ्याचदा वैतागाचं असतं. म्हणून प्रत्येक चौकोनाखाली एक ओळ टाइप करायची आणि मत देण्याआधी सगळ्या ओळी कुणीतरी एकाने मोठ्याने वाचायच्या. जे तुम्ही जगासाठी बनवायला निघालात ते आपल्या मीटिंगमध्ये नसेल तर कसं चालेल?

आणि फिग्मात (ॲपच्या स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर) चकचकीत स्क्रीन इतक्यात नको, लोक बटणाच्या रंगावर बोलत बसतात किंवा तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून छान छान म्हणतात. किती जणांवर टेस्ट करायची हेही विचारलंय. ॲप-वेबसाइट वापरायला किती सोप्या हे तपासणाऱ्या जेकब नील्सनचा २००० सालचा हिशोब प्रसिद्ध आहे, ५ जणांत साधारण ८५ टक्के अडचणी सापडतात. पण ते पाचही जण एकाच प्रकारचे वापरणारे असतील तर. ५ दृष्टिहीन लोकांवर तपासलेलं कर्णबधिरांना चालेल असं समजू नका.

प्रश्न: गूगलने आणि मोठ्या म्युझियमांनी हे सगळं आधीच केलंय ना? मग आपण कशाला?

उत्तर: केलंय की. गूगलचा आर्ट प्रोजेक्ट २०११ मध्ये १७ म्युझियम घेऊन सुरू झाला, आणि वर म्हटलेल्या 'नाइट वॉच'चा ७१७ गिगापिक्सेलचा (म्हणजे ७१७ अब्ज ठिपक्यांचा) फोटो ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०२२ मध्ये टाकला, रंगाचे कण दिसतात इतकं झूम होतं. पण त्याच फोनवर मोनालिसा उघडा. ती ७७ बाय ५३ सेंटीमीटर, आणि स्क्रीनवर दोन्ही चित्रं एवढी एवढीशीच! आकार कळत नाही ही लांबून बघण्यातली मोठी गोची आहे आणि त्यावर काम करायला भरपूर जागा आहे. चिकटपट्टीने घरच्या भिंतीवर मोनालिसाच्या मापाची चौकट लावायला सांगा, मग फोनवर चित्र दाखवा, चेहरे बघा लोकांचे.

प्रश्न: प्रयोगासाठी चित्रं कुठली वापरावीत? कॉपीराइटची भीती वाटते.

उत्तर: न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०१७ मध्ये कॉपीराइट संपलेल्या चित्रांचे आणि वस्तूंचे ३ लाख ७५ हजार फोटो सीसी झिरोखाली (म्हणजे कुणीही, कशासाठीही, न विचारता वापरावेत असे) मोकळे केले, तेवढे तुम्हाला पुरून उरतील. हयात कलाकाराचं काम घेणार असाल तर विचारून घ्या, आणि फोटोपुरतं नाही, त्याचं वर्णन, आवाज, स्पर्शाने कळणारी प्रत असं काय काय करणार तेही सांगा. परवानगी ईमेलवर लेखी घ्या, फोनवरचं 'हो हो वापरा' नंतर दोघांनाही वेगवेगळं आठवतं.