वाचकांचे प्रश्न : पाण्यातल्या गालिच्याची छाटणी

प्रश्न : माझ्या ६० सेंटिमीटर लांबीच्या माशांच्या टाकीत मॉन्टे कार्लो या बुटक्या पाणवनस्पतीचा गालिचा तळभर पसरला आहे. वरून हिरवागार दिसतो, पण जाडी ५ सेंटिमीटरच्या पुढे गेली आहे आणि एक कोपरा मातीपासून सुटून वर आला आहे. खालचा भाग पिवळट-तपकिरी दिसतो. खत कमी पडतंय का?

उत्तर : खत पुरेसं आहे, छाटणी उशिरा होते आहे. मॉन्टे कार्लोच्या नव्या फांद्या जुन्या फांद्यांवर चढत जातात. थर साधारण ३ सेंटिमीटरच्या वर गेला की तळाशी उजेड पोचत नाही, पाणीही खेळत नाही. खालची पानं गळतात, मागोमाग मुळं कुजतात. वरच्या पानांना मात्र उजेड आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही मिळत असतं, त्यामुळे ती प्राणवायूचे बुडबुडे सोडत राहतात. हे बुडबुडे फांद्यांच्या जाळ्यात अडकतात, आणि धरून ठेवायला मुळंच उरलेली नसल्याने अख्खा थर उचलला जातो. आणखी खत घातलंत तर वरचाच थर फोफावेल.

सुटलेला कोपरा दगड ठेवून दाबू नका. खाली कुजणं चालूच राहतं. तो भाग बाहेर काढून ताटलीत उलटा ठेवा आणि तपकिरी थर कात्रीने कापून टाका. वरचा सव्वा-दीड सेंटिमीटरचा हिरवा भाग तेवढा ठेवा. त्याचे २-२ सेंटिमीटरचे तुकडे करा. उघड्या पडलेल्या जागेवरचा गाळ आधी सायफनने ओढून घ्या, मग लांब टोकदार चिमट्याने तुकडे तिरपे खोचा. पानांचे शेंडेच वर दिसावेत इतके खोल, आणि दोन तुकड्यांत २-३ सेंटिमीटर अंतर. चिमटा घट्ट मिटलेला वर ओढला तर रोपही सोबत येतं; मातीत गेल्यावर तो सैल करा आणि किंचित हलवत बाहेर घ्या. मातीचा थर ४ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर त्या जागी आधी भर घाला.

जो भाग अजून घट्ट धरून आहे, तो एकाच बैठकीत मातीलगत कापू नका. खाली पानं उरलेली नाहीत, उघडी देठं तेवढी राहतील. आधी निम्मी जाडी कमी करा. दोन आठवड्यांत पेरांवर नवे फुटवे दिसले की १ सेंटिमीटरवर आणा. त्यापुढे जाडी २ ते अडीच सेंटिमीटर झाली की कात्री लावायची. टाकीत कार्बन डायऑक्साइड वायू सोडत असाल तर ही वेळ साधारण दर तीन-चार आठवड्यांनी येते. गालिचा सर्वांत देखणा दिसू लागतो तेव्हाच तो कापायला हवा, आणि बहुतेकांचा हात नेमका तिथेच थबकतो.

क्युबा या नावाने मिळणाऱ्या बारीक पानांच्या वनस्पतीची मुळं याहून नाजूक असतात. तिला दीड-दोन सेंटिमीटरवरच आवरा.

प्रश्न : दर छाटणीनंतर आठवड्याभरात हिरवं तंतुमय शेवाळ येतं. कापताना काही चुकतं का?

उत्तर : बहुधा कापल्यानंतरच्या तासाभरात चुकतं. मागे राहिलेले तुकडे कुजतात, थरात साचलेला गाळ उधळतो, आणि पानं कमी झालेली असताना दिवा पूर्वीइतकाच वेळ चालू राहतो. म्हणून क्रम असा ठेवा. आधी फिल्टर आणि कार्बन डायऑक्साइड बंद करा, म्हणजे तुकडे टाकीभर फिरणार नाहीत. वाकड्या पात्याची कात्री मातीला समांतर धरून कापा. कात्री बोथट असेल तर देठं चिरडतात आणि टोकं कुजतात, तेव्हा धारेत हयगय नको. तरंगणारे तुकडे बारीक जाळीने गोळा करा, अडकलेले हाताने हलवून सोडवा. मग पातळ नळीचा सायफन गालिच्यावर सेंटिमीटरभर अंतराने फिरवत निम्मं पाणी बदला. नवं पाणी तापमानाला जुळणारं आणि क्लोरीन काढलेलं हवं. फिल्टर तासाभराच्या आत परत सुरू करा. त्यातल्या जिवाणूंना प्राणवायू लागतो. फिल्टरच्या तोंडाचा स्पंज दुसऱ्या दिवशी एकदा धुवा.

पुढचे सात-आठ दिवस दिवा सहा तासच ठेवा. कार्बन डायऑक्साइड मात्र कमी करू नका. दिवा लागण्याआधी तास-दोन तास ते सुरू झालेलं असावं आणि ड्रॉप चेकर (पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण रंगाने दाखवणारी छोटी कुपी) पोपटी दिसावा. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले तर कार्बन डायऑक्साइड लगेच बंद करून पाणी ढवळा.

प्रश्न : हेअरग्रास (गवतासारखी पाणवनस्पती) कापलं की टोकं तपकिरी पडतात आणि तशीच राहतात.

उत्तर : कापलेलं पातं पुन्हा टोकाने वाढत नाही. नवी पाती मातीतल्या आडव्या खोडातून येतात आणि जुनी हळूहळू झाकली जातात. म्हणून शेंडे नुसते खुडून उपयोग नाही. मातीपासून २ सेंटिमीटरवर सरळ कापा आणि तीन-चार आठवडे वाट पाहा. फार दाट झालं असेल तर कात्रीची टोकं मातीत उभी खुपसून ठिकठिकाणी आडवी खोडं तोडा आणि मधले जुने झुबके उपटून घ्या. मोकळ्या जागेत कोवळी पाती भरून येतात. इथे मुळाशी खताच्या गोळ्या उपयोगी पडतात. साधारण १० सेंटिमीटर अंतराने, मातीत तळापर्यंत खोल पुरा. वर राहिल्या तर पाण्यात विरघळून शेवाळाला पोसतात.

प्रश्न : मार्सिलिया हिरसुटा ही गालिच्यासाठी लावतात ती पाणवनस्पतीही अशीच दर महिन्याला कापायची का?

उत्तर : नाही. ती सावकाश वाढते आणि फारशी जाड होत नाही. लांब देठाची पानं वर आली तर तेवढीच बुडापासून कापा. बरीच पानं एकदम उंच होऊ लागली, तर वरून सावली पडते आहे का ते आधी तपासा आणि मागच्या उंच झाडांना कात्री लावा.