स्विच जोडला आणि मजला बंद पडला. नेटवर्किंग सोडू का?

प्रश्न : सर, मी लातूरचा. कॉम्प्युटर डिप्लोमा करून पुण्यात एका नेटवर्क कंत्राटदाराकडे ट्रेनी म्हणून लागलो. तिसऱ्याच आठवड्यात क्लायंटच्या रॅकमध्ये आमच्या लॅबमधला जुना सिस्को स्विच (नेटवर्कमधले कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा डबा) चढवला. आधी 'राइट इरेज' ही कमांड मारून, रीस्टार्ट करून तो कोरा केला होता. केबल लावली आणि थोड्याच वेळात अख्ख्या मजल्याचं नेट गेलं. सीनियर म्हणाले, व्हीटीपीने (व्हीलॅन म्हणजे आभासी नेटवर्क, त्यांची यादी स्विचेसमध्ये आपोआप वाटणाऱ्या सिस्कोच्या सोयीने) घात केला. सगळ्यांसमोर बोलले ते वेगळंच. रात्रभर व्हीटीपीवर वाचत बसलो. घरचे म्हणतात, सॉफ्टवेअर टेस्टिंगचा क्लास लाव. काय करू?

उत्तर : अरे, तू स्विच कोरा केलास, पण अर्धाच. 'राइट इरेज'ने स्टार्टअप कॉन्फिग (स्विच सुरू होताना वाचतो त्या सेटिंग्ज) जातं. व्हीलॅनची यादी, व्हीटीपीचं डोमेन (यादी वाटून घेणाऱ्या स्विचेसच्या गटाचं नाव) आणि रिव्हिजन नंबर (यादीतल्या बदलांचा आकडा) फ्लॅश मेमरीतल्या 'व्हीलॅन डॉट डॅट' या वेगळ्या फाइलमध्ये असतात. ती फाइल हाताने डिलीट करावी लागते. हे वर्गात क्वचितच सांगतात, आणि इथे गाडी रुळावरून घसरलेली मी अनेकदा पाहिली आहे.

पुढे काय झालं असेल ते तुझ्या पत्रावरून जुळवतो. तुमच्या कंत्राटदाराने लॅबमध्ये आणि क्लायंटकडे एकच डोमेन नाव ठेवलं असणार. आळस, दुसरं काय! लॅबमध्ये सराव करताना व्हीलॅन टाकले-काढले की रिव्हिजन दर वेळी एकाने वाढतो. समज, तुझ्या स्विचचा 47 झाला होता आणि क्लायंटचा 31 वर होता. कोऱ्या स्विचचा पोर्ट 'डायनॅमिक' असतो. समोरचा पोर्ट ट्रंकचा, म्हणजे एकाच केबलवरून अनेक व्हीलॅन नेणारा, असल्याने डीटीपीने (ट्रंक आपोआप ठरवणाऱ्या प्रोटोकॉलने) वाटाघाटी केल्या आणि ट्रंक उभा राहिला. मग बाकीच्या स्विचेसनी एवढंच पाहिलं की डोमेन आपलंच आहे आणि 47 हा 31 पेक्षा मोठा. त्यांनी स्वतःची यादी टाकून तुझी घेतली. त्यात क्लायंटचे व्हीलॅन नव्हते, म्हणून त्यांतले पोर्ट निपचित पडले. व्हीटीपीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत हा उद्योग 'क्लायंट' मोडमधला, म्हणजे स्वतः यादी बदलू न शकणारा, स्विचसुद्धा करू शकतो. मुलाखतीत हे विचारलं की भलेभले अडखळतात.

पासवर्ड असता तर वाचलो असतो, असं तुला वाटेल. परक्याला तो अडवतो. पण लॅबमध्येही तोच पासवर्ड असेल तर घरच्या माणसाची चूक कशी अडणार? तिसऱ्या आवृत्तीत मात्र यादी बदलण्याचा हक्क एकाच प्रायमरी सर्व्हरला असतो आणि तो मान मुद्दाम द्यावा लागतो. माझं मत विचारशील तर लहान ऑफिसात व्हीटीपी ट्रान्स्परंटवर (इतरांची यादी न घेणाऱ्या मोडवर) ठेवावा आणि चार स्विचेसवर व्हीलॅन हाताने टाकावेत. दहा मिनिटं जास्त जातात, जाऊ देत.

स्विच जोडण्याआधी कन्सोल केबल लावून 'शो व्हीटीपी स्टेटस' बघायचं. डोमेन ओळखीचं दिसलं तर मोड ट्रान्स्परंट करायचा, रिव्हिजन शून्यावर येतो. मग ट्रंक हाताने लिहायचा, 'नोनिगोशिएट' टाकायचं (डीटीपीच्या वाटाघाटी बंद), नेटिव्ह व्हीलॅन (ट्रंकवर ज्याच्या पॅकेट्सना खूण लागत नाही तो) दोन्ही टोकांना सारखा ठेवायचा आणि हवे तेवढेच व्हीलॅन ट्रंकवर सोडायचे.

या शेवटच्या कामात माझी स्वतःची फजिती झाली आहे. रात्री घरून चाकणच्या एका क्लायंटच्या स्विचवर नवा व्हीलॅन सोडायचा होता. 'अलाउड व्हीलॅन'नंतर 'अॅड' हा शब्द लिहायला विसरलो. जुनी यादी पुसली, ट्रंकवर फक्त नवा व्हीलॅन उरला आणि माझं सेशन जागीच गोठलं. ज्यावरून मी स्विच दुरून चालवत होतो तो मॅनेजमेंट व्हीलॅनही गेला ना! मध्यरात्री मोटरसायकलवर कोथरूडहून चाकणला. तेव्हापासून बदल करण्याआधी कॉन्फिग सेव्ह करून 'रिलोड इन 10' टाकतो. बदल फसून सेशन तुटलं तरी दहा मिनिटांनी स्विच आपोआप जुन्या कॉन्फिगवर उठतो. नीट झालं तर 'रिलोड कॅन्सल'.

आता टेस्टिंगचं. ते काम आवडत असेल तर जरूर जा. पण या घटनेला घाबरून नको. तुझ्या पत्रात एक ओळ आहे : 'रात्रभर व्हीटीपीवर वाचत बसलो.' मी त्या ओळीवर जास्त विश्वास ठेवतो.

सहा महिने तिथेच थांब. सिस्कोच्या सीसीएनए या नेटवर्किंग प्रमाणपत्राची 200-301 परीक्षा दे. व्हीलॅन, ट्रंक, नेटिव्ह व्हीलॅन तिच्या अभ्यासक्रमात आहेतच. पॅकेट ट्रेसर हा सिस्कोचा नेटवर्क सिम्युलेटर फुकट मिळतो. त्यात तीन स्विच घे, एकावर व्हीलॅन टाकून-काढून रिव्हिजन मुद्दाम वाढव, डोमेन सारखं ठेव आणि तो ट्रंकने जोड. यादी डोळ्यांसमोर पुसली जाताना बघ. मग तीच यादी परत उभी कर आणि घड्याळ लावून किती वेळ लागला ते वहीत लिही.

पुढच्या मुलाखतीत ही चूक लपवू नकोस. काय झालं, का झालं आणि आता जोडण्याआधी काय तपासतोस, हे तीन मिनिटांत सांगता आलं पाहिजे. क्लायंटचं नाव मात्र घ्यायचं नाही.

आणि एक विचारायचं राहिलं. त्या दिवशी व्हीलॅन परत टाकताना तू सीनियरच्या शेजारी होतास, की कोपऱ्यात? कोपऱ्यात असशील तर उद्या चहाच्या वेळी त्यांना गाठ आणि त्यांनी कोणत्या क्रमाने काम केलं ते विचारून घे. रागावलेला माणूस अशा वेळी बरंच शिकवतो.