अर्थिंगची तार उघडी का ठेवतात, आणि तिला हात लागला तर?

तुम्ही दोन तारांबद्दल एकदम विचारलंय. एक, इंग्लंडमधल्या भाच्यानं पाठवलेल्या फोटोतली: करड्या चपट्या केबलमध्ये फेज आणि न्यूट्रलला रंगीत आवरण, पण मधली अर्थिंगची तांब्याची तार तशीच उघडी. दुसरी तुमच्या अंबाजोगाईच्या माळवदाच्या घरातली, तुळईवरच्या सागवानी पट्टीवर काळ्या वायरींच्या शेजारून गेलेली उघडी जीआय (जस्ताचा थर दिलेली लोखंडी) तार. मी वायरिंगची कामं घेतो, अशी पट्टी फिटिंग जुन्या घरांत अजून बघायला मिळते. दोन्ही तारा एकाच कारणानं उघड्या आहेत.

आवरण लागतं ते व्होल्टेज अडवायला. अर्थिंगच्या तारेचं एक टोक फ्रिजच्या पत्र्याला, इस्त्रीच्या लोखंडाला, कूलरच्या बॉडीला जोडलेलं असतं आणि दुसरं जमिनीत गेलेलं असतं. सगळं ठीक असेल तर तिच्यातून करंट जवळजवळ नसतोच आणि तिचं व्होल्टेज जमिनीइतकंच, म्हणजे शून्याच्या आसपास असतं. फ्रिजच्या दाराला तुम्ही दिवसातून कितीदा हात लावता? त्याच पत्र्याला जोडलेली ही तार आहे. पत्रा उघडा चालतो, तर तार का चालू नये? पत्र्यात कधी फेज उतरला, तर तो तारेतही उतरणारच, पण मग तो पत्र्यावरही असतोच. तारेला आवरण घातल्यानं तुमचा हात वाचत नाही.

इथं लगेच शंका येते की न्यूट्रलही डीपीजवळ (वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरजवळ) जमिनीला जोडलेला असतो, मग त्याला आवरण कशाला? कारण न्यूट्रल रोज राबतो. फेजनं आणलेला सगळा करंट त्याच्यातून परत जातो, त्यामुळं लांबच्या घरात त्याच्यावर काही व्होल्ट सापडतातच. आणि तो मध्येच कुठं तुटला, तर तुमच्या बाजूच्या तुकड्यावर चालू बल्बमधून किंवा पंख्यातून पुरे २३० व्होल्ट येऊन बसतात. बल्ब विझलेला असतो, माणूस समजतो लाईट गेली, आणि त्या तारेला हात घालतो. म्हणून न्यूट्रलला फेजसारखंच वागवायचं.

आता भाच्याची केबल. तिच्या तिन्ही तारांवर मिळून बाहेरून एक जाड आवरण आहे, म्हणजे ती 'उघडी' तार खरं तर बंद घरातच आहे. आतलं आवरण वगळलं की पीव्हीसी वाचतं, केबल बारीक होते, आणि सोलल्यावर अर्थ कोणती हे विचारावं लागत नाही. तिथल्या २.५ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये अर्थिंगची तार १.५ चीच असते, कारण तिला क्षणभराचाच मोठा करंट सोसायचा असतो. फ्यूज किंवा एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) लगेच उडतो. ती मधोमध असण्याचाही एक फायदा आहे. भिंतीत खिळा ठोकताना तो केबलमध्ये घुसून फेजला लागला, तर शेजारच्या अर्थलाही लागण्याची शक्यता मोठी, आणि मग खिळा धरणाऱ्याच्या आधी फ्यूज जातो. मात्र बाहेरचं आवरण सोलून तार बोर्डात आली की तिच्यावर हिरवी-पिवळी नळी चढवतात. बोर्डात सगळं दाटीवाटीचं, तिथं उघडी तार फेजच्या स्क्रूला टेकायला वेळ लागत नाही.

आपल्याकडं ही चपटी केबल घरात वापरत नाहीत. आपण भिंतीत पाईप टाकतो आणि त्यातून सुट्या वायरी ओढतो, त्यांना मिळून असं बाहेरचं आवरण नसतं. त्यात उघडी तार ओढली तर ती बाकीच्या वायरींना घासणार, आणि जोडाच्या डब्यात तर कुठंही टेकणार. म्हणून आपली अर्थिंगची वायर हिरव्या आवरणाची. कूलरच्या किंवा मिक्सरच्या लवचीक वायरीतही अर्थ आवरणातच असते, कारण आतले बारीक धागे वाकून वाकून तुटतात आणि एखादा बाहेर डोकावतो. जुन्या पट्टी फिटिंगची गोष्ट वेगळी: तिथं १४ नंबरची जीआय तार उघड्यावरून जायची, वायरींपासून सुटी, आणि गंजली किंवा तुटली तर खालून दिसायची. मला तर ही पद्धत आवडते. कन्सील, म्हणजे भिंतीत लपवलेल्या फिटिंगमध्ये हिरवी वायर कुठं तुटली ते कळता कळत नाही.

पण तुमच्या घरात मला त्या तारेच्या उघडेपणाची काळजी नाही. ती जाते कुठं, याची आहे. आपल्याकडं बहुतेक घरांत खांबावरून फेज आणि न्यूट्रल येतात, अर्थिंगचा खड्डा, म्हणजे तार जोडलेला पाईप पुरायचा तो, आपला आपण करायचा. समजा खड्ड्याचा रोध २० ओहम आणि डीपीच्या अर्थिंगचा २ ओहम आहे. गिझरच्या बॉडीत फेज उतरला तर २३० भागिले २२, म्हणजे साडेदहा अँपिअर करंट जमिनीत जाईल. १६ अँपिअरचा एमसीबी याला ढिम्म हलत नाही. सी प्रकारच्या एमसीबीला झटक्यात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. तोवर अर्थिंगच्या तारेवर २०० च्या वर व्होल्ट उभे. सगळ्या घराचं अर्थिंग एकच असल्यानं बिघाड गिझरमध्ये आणि शॉक वॉशिंग मशीनला.

आणि मराठवाड्यात २० ओहमचा खड्डा काही वाईट म्हणता येत नाही. काळी माती ओली असताना अर्थिंगला छान, पण एप्रिल-मे मध्ये ती भेगाळते आणि पाईपपासून सुटते. मुरूम लागला तर विचारूच नका. कोळसा-मीठ घालतात ते ओल धरून ठेवायला, आणि पाईपच्या तोंडाला नरसाळं असतं ते उन्हाळ्यात पाणी ओतायला. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात अर्थिंगला पाणी कोण घालणार होतं? म्हणून मी प्रत्येकाला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लावायला सांगतो, म्हणजे फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं पुरा परत आला नाही की लाईन तोडणारा स्विच. खड्डा ५० ओहमचा असला तरी बॉडीत फेज उतरताच ती पडते. एमसीबीवर विसंबायचं, तर खड्डा इतका चांगला लागतो की आपल्या जमिनीत तो बारमाही मिळणं कठीण.

एका गोष्टीवर मात्र मी कडक आहे. डीपीचा न्यूट्रल गेला की काही जण अर्थिंगलाच न्यूट्रल करून बल्ब-पंखे चालवतात, शेतात तर सर्रास. त्या क्षणी ती उघडी तार राबायला लागते. ५ अँपिअर आणि २० ओहम म्हणजे तारेवर १०० व्होल्ट, आणि फ्रिजच्या पत्र्यावरही तेवढेच. उघड्या तारेवर विश्वास ठेवायचा तो ती रिकामी आहे म्हणून. हा प्रकार तुमच्या घरात कधी झाला असेल, तर तो जोड आधी काढायला लावा.

तपासताना बल्बवर जाऊ नका. फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लख्ख लागला की वायरमन म्हणतो, अर्थिंग एक नंबर. बल्ब अर्ध्या अँपिअरहून कमी ओढतो; खड्डा ५० ओहमचा असला तरी त्यात वीसेक व्होल्टच जातात आणि बल्बच्या उजेडात फरक कळत नाही. अर्थ टेस्टर असलेला माणूस बोलवा, आणि मोजणी मे महिन्यात करा, पावसाळ्यात नको. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबत जा, पण त्यानं फक्त आरसीसीबी चालते एवढंच कळतं. ते बटण अर्थिंगची तार वापरतच नाही, खड्डा नसला तरी पडेल.

जीआय तार गंजलेली नसेल, जोड घट्ट असतील आणि खड्डा ठीक निघाला, तर पट्टीवर ती तशीच राहू द्या. फिटिंगच बदलणार असाल तर पाईपमध्ये हिरवी वायर घ्या, आणि तीन पिनच्या प्रत्येक सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकापर्यंत ती खरंच पोचली आहे ना, हे वायरमनला पैसे देण्याआधी झाकण उघडून बघा.