परीकथा बंद करू नकोस, मध्ये थांबत जा

लेकीला राजकुमारीच्या गोष्टी सांगू की नको, असं विचारलंस. अगं, बिनधास्त सांग. बंदी घातलीस तर ती दुसरीकडून ऐकेलच, आणि तिथे प्रश्न विचारणारं कोणी नसेल.

हिमगौरीचंच घे. जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या कथेत ती अवघी सात वर्षांची असते, तेव्हा आरसा तिला राणीपेक्षा सुंदर ठरवतो. पुढे, ती मेली समजून बुटक्यांनी तिला ठेवलेली काचेची पेटी राजकुमार पाहतो आणि तिच्याशी एक शब्दही न बोलता ती पेटी बुटक्यांकडे मागतो. इथे थांब. ‘त्याला ती कशी आहे हे ठाऊक होतं का? तिला कोणी विचारलं का?’ असं सहज विचार. उत्तर तू देऊ नकोस, तिला देऊ दे. मुली फार नेमकं बोलतात, मला त्याचं दर वेळी अप्रूप वाटतं.

ग्रिम बंधूंच्याच सिंड्रेलात बुटात पाय बसावा म्हणून एक सावत्र बहीण पायाचा अंगठा आणि दुसरी टाच कापते, हा भाग मात्र ती मोठी झाल्यावर सांग. तेव्हा तिच्या मैत्रिणी उपाशी राहून बारीक होऊ बघत असतील, आणि हे बोलणं तिला तेव्हाच नीट कळेल.

शिवाय, नटली की ‘परीच दिसतेस’ म्हणतेस ना, तसं झाडावर चढली की तेही कौतुकाने बोल.