'सिंगल अ‍ॅक्शन'मधलं 'सिंगल' कशाचं?

प्रश्न असा आहे: अमेरिकेत वायोमिंगमध्ये फ्रीडम आर्म्स नावाची कंपनी आहे. तिचं 'मॉडेल ९७' हे रिव्हॉल्वर बाळगणाऱ्यांची मतं एक जण मराठीत आणतोय. 'प्रीमियम मिड-फ्रेम सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्वर'साठी त्याने 'अधिमूल्य मध्य-चौकट एकक्रिय परिभ्रमी' असं लिहिलंय. चालेल का?

नाही हो. 'परिभ्रमी' वाचून मला टेबलफॅन दिसला. रिव्हॉल्वर रिव्हॉल्वरच राहू द्या.

खरी गोची 'एकक्रिय'मध्ये आहे. वाचणाऱ्याला वाटणार, एक बार काढला की खेळ खलास. पण इथलं 'एक' गोळ्यांचं नाही, चापाच्या, म्हणजे बोटाने ओढायच्या ट्रिगरच्या, कामांचं आहे. डबल अ‍ॅक्शनमध्ये चाप ओढला की तोच आधी घोडा, म्हणजे बार उडवायला आपटणारा मागचा हॅमर, मागे नेतो आणि मग सोडतो, म्हणजे कामं दोन. सिंगल अ‍ॅक्शनमध्ये चाप नुसता सोडतो. घोडा दर गोळीला आपण अंगठ्याने चढवायचा, आणि तो चढतानाच गोळ्यांचं चक्र एक घर पुढे सरकतं. १८७३ च्या प्रसिद्ध कोल्ट रिव्हॉल्वरची हीच रीत. तेव्हा शब्द 'सिंगल अ‍ॅक्शन'च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'दर गोळीला घोडा हाताने चढवावा लागणारं' एवढं जोडा.

त्यात एक खड्डा आहे. आपण सर्रास 'घोडा दाबला' म्हणतो आणि आपल्या मनात असतो चाप. एरवी खपून जातं. इथे मात्र सगळा फरकच घोडा आणि चाप यांच्यातल्या कामाच्या वाटणीचा, तिथे अदलाबदल झाली की मजकूर मेला. आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, माकडांसाठी. ते बजावायचे, "आधी घोडो चढय, मगे चापाक बोट लाय." अख्ख्या शब्दकोशापेक्षा ते मालवणी वाक्य तुमच्या जास्त कामाचं.

'सिलिंडर'ला मी वर चक्र म्हटलंय. 'सिलिंडर घट्ट बसतो' लिहाल तर वाचक स्वयंपाकघरात पोचेल. शिवाय हे 'घट्ट' फसवं आहे. मालक कौतुकाने 'टाइट' म्हणतात, तेव्हा ते जाम झाल्याची तक्रार करत नसतात. चक्राला हलवून पाहिलं तरी ते डुलत नाही, असं त्यांना सांगायचं असतं. आपले गॅरेजवाले याला 'प्ले नाही' म्हणतात. 'जराही खुळखुळत नाही' लिहा, सुंदर बसतं. तसंच 'फिट अँड फिनिश'चं, म्हणजे जोडणी आणि सफाईचं. 'बोट फिरवलं तर सांधा लागत नाही' हे सोनाराच्या दुकानातलं कौतुक इथेही चालेल.

'मिड-फ्रेम' म्हणजे मध्यम बांध्याचं. 'हरवले आहेत'ची जाहिरात आठवेल खरी, पण अर्थ तोच: याच कंपनीचं मॉडेल ८३ अंगाने थोराड, हे त्याहून आटोपशीर. आणि 'सिक्स-गन'चं 'सहाबारी' करण्याआधी काडतूस कुठलं ते बघा. मॉडेल ९७ मध्ये ३५७ मॅग्नमच्या सहा गोळ्या मावतात, ४५ कोल्टच्या मात्र पाचच. जाड काडतुसांना त्या बांध्यात सहावं घर मिळत नाही.

राहिलं 'प्रीमियम'. मराठीत तो विम्याचा हप्ता. 'महागडं' म्हटलं तर कुरकुर ऐकू येते, म्हणून किमतीबद्दल तक्रार करणाऱ्या मालकाच्या तोंडी तेच घाला. खूश असलेल्याच्या तोंडी 'उंची'. अत्तर उंची असतं, कापड उंची असतं, रिव्हॉल्वरही असू शकतं.

म्हणजे तुमचं वाक्य असं होईल: 'मध्यम बांध्याचं, उंची बनावटीचं सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्वर'. लिंगाचं म्हणाल, तर 'ती रिव्हॉल्वर'ही ऐकू येते. मी पिस्तुलाच्या ओळीत बसवून 'ते' लिहितो.