‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेतील काळप्रवासी ‘डॉक्टर’ साकारणारे पहिले नट विल्यम हार्टनेल यांचा अभिनय आजही पाहण्यासारखा वाटतो का?

होय, निश्चितच; मात्र नंतरच्या चपळ, हसऱ्या डॉक्टरांची सवय झालेल्या प्रेक्षकाने सुरुवातीच्या काही भागांपुरता धीर धरावा. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीवर ही मालिका सुरू झाली, तेव्हा हार्टनेल ५५ वर्षांचे होते आणि ब्रिटिश प्रेक्षक त्यांना प्रामुख्याने खेकसणारा लष्करी सार्जंट म्हणून ओळखत होते. त्यांचा डॉक्टर आरंभी संशयी, तुसडा आणि प्रसंगी चक्क स्वार्थी आहे, कोटाच्या कडा धरून, मान किंचित वर करून आणि वाक्याच्या शेवटी ‘हं?’ असा हुंकार देऊन तो समोरच्याला गप्प करतो. याच म्हाताऱ्याच्या स्वभावात पुढे माया कशी झिरपते, हे पाहायचे असेल तर १९६४ मधील, डालेकांनी (मालिकेतील धातूच्या कवचातल्या परग्रहवासी शत्रूंनी) पृथ्वी व्यापल्याची कथा पाहावी. तिच्या शेवटी आपल्या काळयानाचे दार आतून बंद करून तो बाहेर राहिलेल्या नातीचा, सुसानचा, निरोप घेतो, त्या प्रसंगात अतिनाट्याचा लवलेशही नाही. हार्टनेल संवादांत अडखळत, ही टीका खरी आहे. पण पुन्हा चित्रीकरण करण्याची चैन परवडत नसल्यामुळे त्या काळी बऱ्याच चुका तशाच राहत. प्रकृती ढासळल्याने १९६६ मध्ये त्यांनी भूमिका सोडली आणि त्यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन आले. डॉक्टरचा चेहराच बदलण्याची युक्ती त्या अडचणीतून निघाली.