जमाखर्च : आधी फोन करा, मग चादरी घ्या

(इतवारीत किराण्याच्या पेढीवर अडतीस वर्षं मुनीम राहिलेले आमचे काका या महिन्यात देणग्या, झाडं आणि कूलर यांच्याविषयीच्या पत्रांना उत्तरं देत आहेत.)

प्रश्न : काका, येत्या आषाढात बाबांना जाऊन वर्ष होईल. वर्षश्राद्धाचं जेवण घरच्यापुरतंच ठेवायचं आणि त्यांच्या नावानं काही चांगलं करायचं म्हणून आम्ही बहीणभावांनी २५,००० रुपये बाजूला काढलेत. भाऊ म्हणतो, पन्नास झाडं लावू. मी म्हणते, एखाद्या आश्रमातल्या मुलांना चादरी देऊ. आता यावरून अबोला आहे. तुम्हीच सांगा. — एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : ताई, आधी तुमच्या चादरींचं सांगतो, कारण त्यात मी स्वतः तोंडघशी पडलोय.

काही वर्षांपूर्वी ऐन डिसेंबरात आमच्या भिशीतल्या मंडळींनी वर्गणी काढली. ओळखीच्या दुकानातून घासाघीस करून चाळीस ब्लँकेटं घेतली, मेटॅडोरमध्ये टाकली आणि शहराबाहेरच्या एका आश्रमात गेलो. तिथल्या बाईंनी चहा पाजला, फोटो काढू दिले. मी पाणी प्यायला आत गेलो, तर कोठीच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत ब्लँकेटांची थप्पी! थंडी पडली की अख्ख्या शहराला एकच सुचतं. बाई हळूच म्हणाल्या, "काका, पांघरायला लई झालं जी. तूरडाळ अन् लाइटबिल मात्र कोणी आणून देत नाही." परतताना गाडीत कोणी फारसं बोललं नाही.

तेव्हापासून मी आधी फोन करतो. "या महिन्यात काय कमी आहे?" एवढंच विचारतो. बोअरची मोटर जळली, मुलींसाठी पॅड हवेत, स्वयंपाकीणबाईंचा पगार थकलाय, असलं काहीतरी निघतं. त्याचे फोटो चांगले येत नाहीत, हे कबूल.

संस्था ओळखीची नसेल तर नोंदणी क्रमांक विचारा. आपल्याकडे सार्वजनिक न्यासांची नोंदणी १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. मागच्या वर्षीचा तपासलेला ताळेबंदही मागा. यात भिडस्तपणा नको. हिशेब चोख असेल तर कागद दाखवायला कोणाला वाईट वाटत नाही. ताळेबंद हातात आला की लोक लगेच पगाराच्या रकमेवर बोट ठेवतात. मी नाही ठेवत. रात्री दोन वाजता तापानं फणफणलेलं पोर उचलून दवाखान्यात नेणाऱ्या माणसानं फुकट राबावं, असं आपण का धरून चालतो? माझी नजर जाते ठेवींवर. बँकेतली ठेव दरवर्षी फुगतेय आणि मुलांवरचा खर्च आहे तिथंच आहे, तर माझे पैसे मी दुसरीकडे नेतो.

भावाला करात सूट हवी असेल तर त्याला दोन गोष्टी सांगा. रोखीनं २,००० रुपयांच्या वर दिलेल्या देणगीची वजावट मिळत नाही, आणि त्यानं नवी करप्रणाली घेतली असेल तर मुळीच मिळत नाही. पैसे खात्यातूनच द्या.

आता त्याची पन्नास झाडं. नागपुरात रोप लावणं सोपं, जगवणं कठीण. जुलैत सगळं हिरवंगार दिसतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, काळी माती तळहात जाईल एवढी भेगाळते आणि कोवळी मुळं उघडी पडतात. पन्नास रोपांना तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, हे भावाला विचारा. उत्तर आलं नाही तर पाचच लावा. लेआउटच्या मोकळ्या जागेत, शेजारच्यांना विचारून. कडुनिंब, करंज, बहावा ही इथल्या उन्हाला सरावलेली झाडं. गुलमोहर दिसतो छान, पण वादळात फांद्या टाकतो. खाली गाड्या लावायच्या असतील तर नको. दोन-दोन फुटांचे खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू द्या, चांगला पाऊस झाला की शेणखत घालून लावा.

आणि घरातला जुना माठ फेकू नका. ज्यात पाणी गार होत नाही त्याची छिद्रं बुजलेली असतात. बुडाला बारीक भोक पाडून सुती वात ओवा, रोपाजवळ गळ्यापर्यंत पुरा आणि भरून झाकण ठेवा. पाणी मुळापाशी झिरपत राहतं. आमच्या लेआउटमधले दोन करंज असेच वाढलेत.

म्हणजे हिशेब असा. १०,००० झाडांना : आमच्या वेल्डरनं मागच्या वर्षी हजाराला एक कठडा करून दिला, तसे पाच, आणि उरलेले तीन उन्हाळे पाणी घालणाऱ्या माणसाला. राहिले १५,०००, ते आश्रमाला दर महिन्याला १,२५० प्रमाणे वर्षभर. दोघांचंही राहिलं. आता बोला एकमेकांशी.

प्रश्न : आम्ही दोघं मिहानमध्ये नोकरीला आहोत. पर्यावरणपूरक राहायचं ठरवून बायकोनं बांबूचे ब्रश, स्टीलच्या नळ्या, ज्यूटच्या पिशव्या असं चार हजारांचं सामान मागवलं. मला हे पटत नाही, पण बोललो तर मीच वाईट. — एक वाचक, मनीषनगर

उत्तर : घरात वीस पिशव्या असताना एकविसावी ज्यूटची आणली, तरी माझ्या वहीत ती खर्चाच्याच बाजूला जाते. पण तुम्हीही हुशारी करू नका. मे महिन्याचं लाइटबिल काढा आणि डिसेंबरच्या बिलाशेजारी ठेवा. फरक दिसतोय? तो बहुतेक एसीचा. तापमान एक अंशानं वर ठेवलं की एसीची वीज साधारण सहा टक्के वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतं. अठरावर लावून वर दुलई घेणारे लोक मी पाहिलेत. सव्वीसवर ठेवून पंखा लावा. त्याहून बरं म्हणजे कूलर. आपला उन्हाळा कोरडा असतो तोवर त्याला तोड नाही. पाऊस आला आणि हवा दमट झाली की मात्र तो नुसता आवाज करतो.

कूलरचं पाणी दर आठवड्याला पूर्ण काढून टाकी घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून बसतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. ते पाणी कुंड्यांत घालू नका. पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात. संडासात ओता, अंगण धुवा.

दुसरं, ओला कचरा. भांडेवाडीच्या कचरा डेपोत ढिगाखाली दबलेलं शिळं अन्न हवेशिवाय कुजतं आणि त्यातून मिथेन निघतो. घरी भोकं पाडलेल्या बादलीत एक थर ओला, दोन थर वाळका पाला घातला की ते खत होतं. वास आला तर पाला कमी पडला, एवढंच समजायचं. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत लोक रस्त्यावर पाला जाळतात. त्याआधी तुम्ही चार पोती भरून ठेवा. त्याच दिवसांत मृग बहाराची संत्री येतात. सालं बारीक तुकडे करून टाका, अख्खी टाकली तर महिनोन्‌महिने तशीच राहतात.

रविवारी तर्री-पोहे घरी आणता ना? डबा घेऊन जा. उकळती तर्री पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आणणं मला बघवत नाही. आणि स्टीलच्या नळ्या आल्याच आहेत तर वापरा, वहिनींना काही बोलू नका.

प्रश्न : माझी पेन्शन बेताची आहे. महिन्याला २०० रुपये देता येतील. एवढंसं द्यायला संकोच वाटतो. वर्षभर साठवून एकदम देऊ का? — एक निवृत्त शिक्षिका, महाल

उत्तर : साठवू नका, बाई. साठवलेले पैसे दिवाळीत कुठं जातात, ते तुम्हाला आणि मला चांगलं माहीत आहे. संस्थेलाही महिन्याचा ठरलेला पैसा आधी कळला की किराणा भरायला सोपं जातं. डिसेंबरात एकदम आलेल्या पैशांची ब्लँकेटंच होतात.

दिवाळीची भेट द्यायची असेल तेव्हा मात्र आनंदवनासारख्या ठिकाणी बनलेल्या वस्तू घ्या. बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याला ते उभं केलं, आणि कुष्ठरोगातून उठलेली माणसं तिथं स्वतःच्या हातानं काम करू लागली. तिथली वस्तू घेतली तर ती खरेदी झाली, देणगी नव्हे. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा दोघांचाही संकोच मिटतो.

दोनशेचं म्हणाल तर बँकेत जाऊन दर महिन्याच्या पाच तारखेची सूचना लिहून द्या. पेन्शन एक तारखेला जमा होतं ना? मग चार दिवस औषधांना ठेवलेत.